तांडेलकाकांचा आडवा टेम्पो

वाहतूक पोलिसाच्या हातातलं दंडाचं यंत्र दिसलं की माणसं आधी फोन काढतात. कोणाचा मेहुणा साहेबांच्या ओळखीचा निघतो, कोणाची आई नेमकी त्याच वेळी दवाखान्यात असते. "लिवा, माजी चूक हाय," असं म्हणून शांतपणे उभा राहिलेला माणूस मी इतक्या वर्षांच्या नोकरीत एकच पाहिला. ते तांडेलकाका.

काका मूळचे ट्रॉलरवरचे. बोटीचा ताबा ज्याच्याकडे असतो तो तांडेल. गुडघे कुरकुरायला लागले तेव्हा त्यांनी दर्या सोडला आणि मिरकरवाड्याच्या जेटीवरून मासळी नि बर्फ पोचवणारा तीनचाकी टेम्पो घेतला. बोट गेली तरी नाव तेच राहिलं. मी लांज्याची, भातशेती करणाऱ्या घरातली. रत्नागिरीत वाहतुकीच्या कामावर नवी आले, त्याच आठवड्यात टेम्पोचा मागचा दिवा बंद दिसला म्हणून त्यांना अडवलं. ते खाली उतरले, मागं जाऊन दिवा पाहिला आणि वर सांगितलं ते वाक्य म्हणाले. दुसऱ्या दिवशी मारुती मंदिराच्या सर्कलला टेम्पो कडेला घेऊन त्यांनी मला हाक मारली. "बाय, जरा मागं येऊन बघा." मी गेले. त्यांनी ब्रेक दाबला, लाल दिवा लख्ख लागला. "दंड हे तुमचं काम. दिवा हे माजं काम," म्हणाले आणि निघून गेले.

कॅमेरे आले तसे लोक शहाणे झाले. नंबरप्लेटवर चिखल थापायचा, एखादं फडकं लोंबतं सोडायचं, शेवटचा आकडा वाकवून ठेवायचा. काका मात्र क्रेट धुवून झाले की उरलेल्या पाण्यानं आधी नंबरप्लेट धूत. त्यांचे जोडीदार हसायचे. मीही एकदा विचारलं. म्हणाले, "बोटीवर नंबर हाताएवढा रंगवतात, बाय. बोट भरकटली तर शोधणाऱ्याला लांबून दिसायला हवा. जो नंबर लपवतो, त्याला वाटतं आपण कधी हरवणारच नाय." त्यानंतर नंबरप्लेट पाहिली की मला ती माणसाला पकडायची खूण वाटेनाशी झाली.

दंडाच्या रकमा एकदम वाढल्या तेव्हा गावात फार गलका झाला. रिक्षावाल्यांनी मोर्चा काढला. मी तेव्हा वाढीच्या बाजूची होते. हेल्मेट नसलेली डोकी मी रस्त्यावर पाहिली होती. ती ज्यानं उचलली आहेत त्याला दंड जास्त वाटत नाही. मला वाटलं होतं, काका मोर्चात असतील. ते नव्हते. पण माझ्याही बाजूचे नव्हते. टपरीवर चहा पिताना म्हणाले, "दंड हवाच. जरब नसली तर बोटीवर एक खलाशी जाग्यावर राहत नाय. पण परवा तुमी एका मोठ्या गाडीला नि मागोमाग एका रिक्षावाल्याला सारखाच दंड लावलात. गाडीवाल्यानं गाणं बंद न करता भरला. रिक्षावाला तिथंच खाली बसला. एकाला मुंगी चावली नि दुसऱ्याला फुरसं. गुन्हा एकच, मग दुखणं एक का नाय?" कायदा सगळ्यांना सारखा, असं काहीतरी मी बोलले. त्यांनी मान हलवली आणि माझ्या चहाचे पैसे मला देऊ दिले नाहीत.

पुढं जे झालं ते माझ्या हातून झालं, म्हणून ते मीच सांगायला हवं.

भाट्याच्या पुलाकडं उतरणाऱ्या वळणावर वाहनं तुंबली होती. मी मोटरसायकलवरून पोचले तर तांडेलकाकांचा टेम्पो भर रस्त्यात आडवा. आत माणूस नाही. मागं ट्रक, एसटी, सगळ्यांचे हॉर्न. टेम्पो ओळखीचा होता म्हणूनच मला जास्त राग आला. ओळखीच्याला सोडलं असं कोणी म्हणायला नको, म्हणून मी एक नाही, दोन कलमं लावली. फोटो काढला, चार जणांकडून टेम्पो कडेला ढकलून घेतला आणि रस्ता मोकळा केला. टेम्पोच्या पलीकडच्या बाजूला मी गेलेच नाही.

दुसऱ्या दिवशी काका सर्कलला आले. मी म्हटलं, "काका, तुमच्याकडून ही अपेक्षा नव्हती. गाडी अशी आडवी टाकून जातात?"

"गाडी आडवी होती, हे खरं," ते म्हणाले. थोडा वेळ थांबले आणि गेले. ते वाट पाहत होते की मी आणखी काही विचारते का. हे मला आत्ता कळतं.

काही महिन्यांनी काठी टेकत एक बाई सर्कलला आल्या. शाळेत शिक्षिका होत्या. पांढऱ्या केसांचा, जरा लंगडत चालणारा एक टेम्पोवाला शोधत होत्या. रस्त्यावर सांडलेल्या मासळीच्या पाण्यावरून त्यांची स्कूटर भाट्याच्या वळणावर घसरली होती. पाय मोडला होता, उठता येत नव्हतं आणि वरून येणाऱ्या गाड्यांना त्या दिसत नव्हत्या. "त्या माणसानं आपला टेम्पो माझ्या आणि ट्रकच्या मध्ये घातला," त्या म्हणाल्या. "मला उचलून रिक्षात घातलं आणि माझे घरचे येईपर्यंत दवाखान्यात बसून राहिला. नावसुद्धा सांगितलं नाही."

मी दिवस विचारला. मग तो फोटो पुन्हा उघडून मोठा करून पाहिला. टेम्पोच्या मागच्या चाकापलीकडं, घसरत रस्त्याकडेच्या गवतात जाऊन पडलेल्या स्कूटरचं चाक दिसत होतं. माझ्याच फोटोत होतं ते.

तशीच मिरकरवाड्याला गेले. काकांचा टेम्पो ताडपत्रीखाली उभा होता आणि काका, त्या वयात, त्या गुडघ्यांनी, बर्फाच्या लाद्या ओढत होते. दंड भरलेला नव्हता. दंड बाकी म्हणून टेम्पोची फिटनेस तपासणी अडली होती, आणि तपासणीला उशीर म्हणून दर दिवसाचं शुल्क चढत होतं. टेम्पो जागचा हलत नव्हता, पण शुल्क वाढत होतं.

"काका, मला सांगितलं का नाहीत?" मी विचारलं.

"रोज किती सबबी ऐकता तुमी. त्यात माजी एक. खरी असली तरी ऐकायला सबबच." त्यांनी हात पुसले. "पण भरला नाय मी. चूक नसताना दंड भरला, तर उद्या दुसरा कोण गाडी आडवी घालायला धजायचा नाय."

दंडाविरुद्ध तक्रार नोंदवायला मी त्यांच्याबरोबर गेले. तारीख लागली तेव्हा त्या शिक्षिका आल्या, आणि फोटो मी काढला पण पलीकडं पाहिलं नाही, हे मी कोर्टात उभी राहून सांगितलं. न्यायाधीशांनी काकांना विचारलं, काही सांगायचंय का. काका हात जोडून म्हणाले, "गाडी मीच आडवी घातली, साहेब. दंड ठेवलात तर कुठूनही आणून भरीन. पण असंच कोण रस्त्यात पडलेलं दिसलं, तर पुना घालीन. नंतर फसवलान असं वाटायला नको, म्हणून आधीच सांगतंय."

त्या दंडाची दोन्ही कलमं रद्द झाली. यादीत आणखी एक जुना, भरायचा राहून गेलेला, चुकीच्या जागी गाडी लावल्याचा दंड होता. त्याचंही काही म्हणणं आहे का, असं विचारल्यावर काका घाईनं म्हणाले, "तो नको साहेब. तो माजा हाय." आणि बाहेर येऊन त्यांनी तो तिथल्या तिथं भरला. मी भिंतीला टेकून नुसती बघत राहिले. एवढा ताठ माणूस मी गणवेशातसुद्धा पाहिलेला नव्हता.

उशिराचं शुल्क मात्र कमी झालं नाही. तो दंड नव्हता, ते शुल्क होतं. ते माफ करायला कोणाकडं कलम नव्हतं. मी भरते म्हटलं तर काकांनी मला बोलूच दिलं नाही. त्यांच्याकडं एक लहान होडी होती. रविवारी ते एकटेच तिच्यातून खाडीत जात. ती त्यांनी विकली. टेम्पो पुन्हा रस्त्यावर आला. दंड न्याय्य आहे का, असं मला कोणी विचारलं की मला ती होडी आठवते आणि मी पूर्वीसारखं चटकन उत्तर देत नाही.

गेल्या पावसाळ्यानंतरची गोष्ट. काका सर्कलला चालत आले. टेम्पो कुठं, विचारलं तर म्हणाले, "विकला. काल एक माणूस मला उशिरा दिसला."

"लागलं का त्याला?"

"नाय. ब्रेक लागला येळेवर. त्याला कळलंसुद्धा नाय. पण मला दिसला उशिरा." त्यांनी खिशातून लायसन्स काढून माझ्या हातात ठेवलं. "हे कुठं जमा करायचं, तेवढं सांगा."

मी म्हटलं, "काका, डोळे तपासून घ्या, चष्मा बदला. अजून मुदत आहे याची."

"डाक्टरला दाखवलंय. चष्म्याचं काम नाय ते. मुदत कागदाची हाय, बाय." मग हसले. "लेक बुरोंडीला हाय. बोलावतेय कधीची. दर्या तिथंपण तोच."

ना तक्रार होती, ना फोटो. मी एवढे दंड लावले, पण कोणाची रोजी एका क्षणात काढून घ्यायची हिंमत मला कधी झाली नसती. या माणसानं ती स्वतःची स्वतःच काढून घेतली होती, आणि वर मलाच धीर देत होता.

ते रस्ता ओलांडायला कडेला थांबले. गाड्या सुसाट जात होत्या. मी सर्कलच्या मधोमध गेले आणि दोन्ही हात वर केले. चारी बाजूंची वाहनं थांबली. काका घाई न करता, लंगडत, रस्त्याच्या पार पलीकडं गेले. ते पोचले, वळले, मला हात केला. तरी मी हात खाली घेतले नाहीत.