सिस्टरनी बदललेली बँक

सिस्टर कुणाशीही बोलायच्या आधी त्याचे मनगट धरत. तुम्ही दारात उभे असा, नाहीतर केजच्या मंगळवारच्या बाजारात भेंडी निवडत असा, त्यांची तीन बोटे तुमच्या मनगटावर येऊन बसत. घड्याळ त्या तबकडी आत करून बांधत. ती तबकडी डोळ्यांपुढे धरायची आणि मिनिटभर कुणी हूं की चूं करायचे नाही. मग हात सोडून त्या म्हणत, "हां. आता सांग." माणूस तोंडाने काहीही सांगेल, असे त्यांचे म्हणणे होते. "तोंडाला खोटं बोलायची सवय असती बाबा. हिला न्हाई." हिला म्हणजे नाडीला.

आमच्या गावच्या उपकेंद्रात त्या नर्स म्हणून आल्या तेव्हा जेमतेम विशीत होत्या. नोकरीच्या पहिल्याच वर्षी एका रात्री त्यांनी माझ्या आईची सुटका केली. मी पायाकडून आलो. ती गोष्ट त्यांनी मला आणि मी असताना इतरांना निदान शंभरदा सांगितली असेल. "ह्याला जगात यायचंच नव्हतं. पाय बाहेर काढून बघत व्हता, कशी हाय दुनिया." माझे नाव त्यांनी कधी घेतलेच नाही. शाळेत, लग्नात, पुढे माझ्या कार्यालयात चार शिपाई-कारकुनांसमोरसुद्धा मी त्यांचा ‘पायाळू’च राहिलो.

त्यांच्याकडे एकच औषध होते, मीठ-साखरेचे पाणी. हगवणीला ते होतेच, पण परीक्षेची भीती, सासूशी भांडण, नवऱ्याचा मार, यावरही आधी तेच. "घोट घोट पी. मग बोलू." आम्ही हसायचो. पण ते पाणी पिऊन होईपर्यंत माणूस खरोखर थोडा शांत व्हायचा आणि त्या तेवढा वेळ समोर बसून राहायच्या. औषध ते होते, हे मला फार उशिरा कळले.

सिस्टर पाटोद्याला भाच्याच्या घरी वारल्या. मी मातीला गेलो नाही. कोणत्या तोंडाने गेलो असतो, ते लिहायला बसलो आहे.

त्यांना मूलबाळ नव्हते, नवरा फार आधी गेला होता. निवृत्तीनंतर त्या केजमध्ये भाड्याच्या एका खोलीत राहत. दर अकरा महिन्यांनी घरमालक करार संपला म्हणायचा, आणि सिस्टर आपली ट्रंक, गॅस आणि दवाखान्यातला जुना स्टीलचा डबा घेऊन दुसरी खोली धरायच्या. त्यांची एकच इच्छा होती. स्वतःच्या दोन खोल्या, आत नळ, आणि मरण आपल्या कॉटवर. "लोकांच्या घरात लई जणींना मोकळं केलं. सवताचं मरण तरी सवताच्या घरात हुंदी." निवृत्तीचे सगळे पैसे त्यासाठी राखलेले होते. ते होते एका मोठ्या बँकेत, जिथे त्यांचे पेन्शनही जमा व्हायचे.

त्या बँकेशी त्यांचे बिनसले ते अंगठ्यावरून. पस्तीस-चाळीस वर्षे डेटॉलच्या आणि उकळत्या पाण्यात हात घालून त्यांच्या बोटांवरच्या रेषाच पुसून गेल्या होत्या. नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यायचा, तर यंत्रावर अंगठा उमटेना. काचेमागचा मुलगा म्हणाला, "मॅडम, मशीन घेत नाहीये. उद्या या."

"उद्या काय नवा अंगठा फुटंल व्हय रे?"

रांग हसली. तो नाही हसला. सिस्टर तीन दिवस गेल्या. हात थरथरायला लागला होता, म्हणून पैसे काढायच्या स्लिपवरची सही जुळेना. तीही परत आली. मला भेटल्या तेव्हा रडकुंडीला आलेल्या नव्हत्या, नुसत्या थकलेल्या होत्या. "निम्म्या तालुक्याच्या जन्माची नोंद मी केली. आन मी जित्ती हाय ह्याची नोंद लागंना." मग म्हणाल्या, "वरडला असता तरी चाललं असतं. त्यानं चिठ्ठी सारली, पर तोंडाकडं बघितलं न्हाई."

मग त्यांनी नवी बँक शोधायला घेतली, आणि ती शोधली उपकेंद्राची तपासणी करावी तशी. रोज एक बँक. कापडी पिशवीत पाण्याची बाटली असूनही ती काढायची नाही, बँकेतले पाणी मागायचे. बाकावर तासभर बसायचे. म्हाताऱ्या माणसाला कुणी खुर्ची देते का ते पाहायचे. शेवटी संडास कुठे आहे ते विचारायचे. "जिथं बाईमाणसाच्या संडासाला कुलूप, तिथं आपला पैसा न्हाई." रस्त्यावरच्या एका थंडगार बँकेतून तर त्या हसतच बाहेर आल्या. "टाय लावलेलं पोरगं, हिंदीत बोलतंय. मला म्हणतंय, वीस साल का बीमा लो. आगं माय, सत्तरीला टेकले मी! त्याला म्हणलं, बाळा, वीस साल तू तरी टिकशील का हितं?" दुसऱ्या एका बँकेचे निकालपत्र एका वाक्यात होते: "पंखे चालू हायेत, माणसं बंद हायेत."

शेवटी त्या माझ्याकडे आल्या.

मी एका मल्टिस्टेट पतसंस्थेच्या केज शाखेचा अधिकारी होतो. गावात सगळे तिला बँकच म्हणत, आम्हीही म्हणत असू. पाटीवर ‘पतसंस्था’ हा शब्द होता, पण बारीक अक्षरात, आणि तो कुणी वाचावा अशी आमची इच्छा नव्हती. बँक बुडाली तर ठेवीला जो थोडाफार विमा असतो, तो आमच्याकडच्या ठेवीला नव्हता. हे मला माहीत होते. कुणी विचारले तरच सांगायचे, असे आमचे ठरलेले होते, आणि कुणी विचारत नसे.

सिस्टर आत आल्या तेव्हा मी उठून उभा राहिलो. त्यात नाटक नव्हते. त्या आल्या की मी उठायचोच. माझी खुर्ची दिली, माठातले पाणी दिले, चहा मागवला. रोखपाल मुलगी त्यांच्या हातावरची निघाली, सोनोग्राफीशिवाय जुळे ओळखल्याची गोष्ट झाली. संडास त्यांनी पाहिला. स्वच्छ होता. मग माझे मनगट धरले, मिनिटभर मोजले.

"हां. आता सांग. त्या बँकेवर सरकारचं नाव हाय. तुमच्यावर कुणाचं?"

मी भिंतीवरची चौकट दाखवली. नोंदणीचे प्रमाणपत्र होते, त्यावर राजमुद्रेसारखे काहीतरी होते. त्यांनी चष्मा पुसून पाहिले.

"बुडायचं भ्या न्हाई ना रे?"

"सिस्टर, मी हाय ना," मी म्हणालो.

त्यांनी दुसरे काही विचारले नाही. ज्याचे पहिले रडणे आपण ऐकले तो आपल्याला फसवणार नाही, असा त्यांचा हिशेब होता. सगळ्या तपासण्या करून शेवटी त्यांनी बँक निवडली नाही, मला निवडले. आमच्याकडे निम्म्या ठेवी अशाच आल्या होत्या. कुणी भाचा बघून, कुणी वर्गमित्र बघून, कुणी सोयरा बघून. संस्थेने आम्हाला नोकरीवर ठेवले होते ते त्याचसाठी. आमचे शिक्षण काय, हे मुलाखतीत फार विचारलेच नव्हते. तालुक्यात पाहुणे किती, ते विचारले होते.

पहिली दोन वर्षे त्या सुखात होत्या. महिन्यातून एकदा नुसत्याच येऊन बसत. थरथरत्या सहीवर मी कधी बोट ठेवले नाही. "सिस्टर, तुमचा चेहराच सही," म्हणायचो. बाकावर बसलेल्या बायकांना त्या सांगत, "त्या मोठ्या बँकेत कशाला उन्हात उभ्या ऱ्हाता? हितं या. पोरगं माझ्या हातचं हाय." त्यांच्या शब्दावर बायका आल्या. किती आल्या ते मला पाठ आहे, पण इथे लिहवत नाही.

तिसऱ्या वर्षी त्यांना हव्या तशा दोन खोल्या सापडल्या. सरकारी दवाखान्याच्या मागे, तळमजल्यावर, आत नळ. मालक किराणा दुकानदार होते, सज्जन माणूस. त्यांनी पंधरा दिवसांची मुदत दिली. सिस्टर मला ती जागा दाखवायला घेऊन गेल्या. रिकाम्या खोलीत उभ्या राहून हाताने दाखवत राहिल्या, हितं कॉट, हितं देव, ह्या खिडकीतून दवाखान्याचं फाटक दिसतंय बघ, रात्री कुणाची बाळंतीण आली तर मला कळंल.

त्याच आठवड्यात मुख्य कार्यालयातून मला फोन आला. कागदावर काही नाही, तोंडी. मोठी ठेव कुणालाही परत द्यायची नाही, सर्व्हर बंद आहे म्हणा, मुदतीचे कारण सांगा, चहा पाजा. असा फोन कशाचा असतो ते कळायला अधिकारी असावे लागत नाही.

चौथ्या दिवशी सकाळी सिस्टर आल्या. नवे लुगडे नेसल्या होत्या. "पायाळू, ठेव मोडून दे. परवा मुदत संपती दुकानदाराची."

नेमके त्या दिवशी त्यांनी मनगट धरले नाही. घाईत होत्या, आनंदात होत्या.

मी पावती हातात घेतली, उलटसुलट केली आणि म्हणालो, "सिस्टर, दोनच महिने राहिलेत. आत्ता मोडली तर व्याजाला मुकाल. दुकानदाराशी मी बोलतो, थांबतील ते."

यातला व्याजाचा एकही शब्द खोटा नव्हता. म्हणून तर मला तो इतक्या सहज बोलता आला.

"आसं म्हणतूस?" त्यांनी पावती परत घ्यायला हात पुढे केला. "बरं. तू म्हणतूस तर ऱ्हाऊ दे."

त्या दिवशी तिजोरीत रोकड अगदीच नव्हती असे नाही. एकाची ठेव भागेल एवढी होती. दुपारी चार वाजता मी माझ्या बायकोच्या नावावरची ठेव मोडली आणि ते पैसे डब्याच्या पिशवीतून घरी नेले. बायकोने विचारले, एवढ्यात कशाला? मी म्हणालो, पोराच्या ॲडमिशनला लागतील.

त्यानंतर आठवडाभरात शटर खाली आले ते आलेच. लोकांनी पाटी फोडली. मी गेवराईला मेहुण्याकडे आठ दिवस लपून राहिलो. परत आलो तेव्हा माझ्या दारात शिव्या द्यायला रोज कुणी ना कुणी येत होते. माझ्या आईच्या नात्यातली माणसे होती, शाळेतले गुरुजी होते. सिस्टर एकदाही आल्या नाहीत. ज्या बायकांना त्यांनी आणले होते त्या मात्र सिस्टरच्या खोलीवर गेल्या, असे कळले. एकजण म्हणाली म्हणे, "सिस्टर, तुमच्या जिवावर पैसे ठेवले व्हते." सिस्टरनी तिला आत बसवले आणि मीठ-साखरेचे पाणी दिले. दोन खोल्या दुसऱ्याने घेतल्या. अकरा महिने संपले तेव्हा नवी खोली धरायचे बळ त्यांच्यात उरले नव्हते. भाचा न्यायला येतो म्हणाला, तर त्या म्हणाल्या, मी येते एसटीने.

ठेवीदारांचे दाव्याचे अर्ज भरणे सुरू झाले होते. त्या निघाल्याचे कळले, तसा त्यांचा अर्ज घेऊन मी केजच्या बसस्थानकात गेलो. त्या ट्रंकेवर बसल्या होत्या, मांडीवर स्टीलचा डबा. सही केली, ती कागदभर पसरली. मी शाईचा पॅड पुढे केला. अंगठा उमटला, नुसता काळा गोल ठिपका, त्यात एक रेष नाही. त्याकडे बघून त्या म्हणाल्या, "हेबी माघारी पाठवतील."

मी शेजारच्या बाकावर बसून कागदाची घडी करत होतो. त्यांनी विचारले, "मी मोडायला आलते त्या दिवशी, तुला ठाऊक व्हतं का रे?"

"न्हाई सिस्टर. आईची शप्पत."

त्यांनी हात पुढे केला आणि माझे मनगट धरले. तीन बोटे. घड्याळ डोळ्यांपुढे. पाटोद्याची गाडी लागली, लोक पळाले, कंडक्टरने हाक दिली. त्या मोजत राहिल्या. पूर्ण एक मिनिट. आपले हृदय बंद पडावे असे मला त्या मिनिटात मनापासून वाटले.

मग रुग्णाचा हात ठेवतात तसा त्यांनी माझा हात माझ्याच मांडीवर ठेवला.

"लई पळतीय," त्या म्हणाल्या. "घरी जा. मीठ-साखरेचं पाणी कर आन घोट घोट पी."

मी ट्रंक गाडीत चढवली. खिडकीतून त्यांनी माझ्याकडे पाहिले, पण रागाने नाही. बाळाचा रंग बरा आहे की निळसर, ते बघावे तसे पाहिले. गाडी गेली.

‘हां, आता सांग’ एवढे मात्र सिस्टर त्या दिवशी म्हणाल्या नाहीत. म्हणाल्या असत्या तर मी सांगितले असते, असे मी पुष्कळ दिवस स्वतःला समजावले. तेही खरे नसावे. त्यांना सांगायचे राहिले ते आज, कुणी मनगट धरलेले नसताना लिहितो आहे.

सिस्टर, मला ठाऊक होते.