पुसलेले आजोबा

आमच्या उमेळ्याच्या घरात दर्शनी भिंतीवर आजोबांचा फोटो आहे. डोक्याला फेटा, अंगात जरीचा कोट, हातात तलवार. या तलवारीने आजोबांनी वसईच्या किल्ल्यावर काय पराक्रम केला, हे मी गेली तीस वर्षं प्रत्येक बारशाला, साखरपुड्याला, एकदा तर तेराव्यालाही सांगितलं आहे. किल्ला सर झाला तेव्हा आजोबांचे आजोबाही जन्मले नव्हते, ही अडचण कुठल्या पाहुण्याने काढली नाही. जेवणं झालेली असायची.

फोटोतला चेहरा मात्र आजोबांचा नाही, आणि त्याला कारण मी. कॉलेजात असताना दिवाळीच्या साफसफाईत मी काच काढून तो फोटो ओल्या फडक्याने पुसला. फेटा राहिला, तलवार राहिली, मधले आजोबा फडक्यावर आले. घाबरून स्टुडिओत धावलो. तिथल्या रंगाऱ्याने विचारलं, "दिसायला कसे होते?" मी म्हटलं, "रुबाबदार." त्याने आधी मिशा काढल्या आणि मग त्यांना शोभेल असा माणूस काढला.

घरातले चार दिवस ओरडून विसरले. आत्या विसरली नाही. ती चार वर्षांची असताना तिचे वडील गेले. त्यांचं तोंड तिला आठवत नव्हतं. जे होतं ते भिंतीवर होतं. आता ती चौऱ्यांशीची आहे. मी घराण्याचा इतिहास लिहायला घेतला तेव्हा म्हणाली, "सरदार-बिरदार तुला लखलाभ. मला माझ्या बापाचं तोंड शोधून दे. आणि मी आहे तोवर दे."

आधी शाळेत गेलो. जुन्या रजिस्टरात आजोबा सापडले. तिसरीतून नाव कमी. शेरा, 'सतत गैरहजर'. मोहिमेवर असतील, असं मी घरी सांगितलं. मग सातबारा काढला. त्यावर केळीची बागायत होती. तलवारीचा रकाना सातबाऱ्यावर नसतो.

शेवटी कॅनडाहून आलेल्या भाच्याने डीएनएची नळी पुढे केली. "मामा, अर्धा तास काही खायचं नाही आणि यात थुंकायचं." आमच्या घराण्यावर थुंकणारे नातेवाईक पुष्कळ आहेत, घराण्यासाठी थुंकणारा मी पहिलाच. काही आठवड्यांनी रिपोर्ट आला. माझे पूर्वज पश्चिम भारतातले होते म्हणे! एवढं तर आमच्या नाक्यावरचा पानवालाही तोंड बघून सांगतो.

पण खाली नातेवाइकांची यादी होती आणि तिच्यात सर्वांत वर भुईगावच्या एक निवृत्त शिक्षिका होत्या. ख्रिस्ती. भाच्याने निरोप पाठवला, बाईंनी लगेच बोलावलं. आत्याला रिक्षात घालून मी निघालो.

बाईंच्या घरात शिरलो आणि दारातच थांबलो. येशूच्या तसबिरीशेजारी तोच फेटा, तोच कोट, तीच तलवार. मागे पडद्यावर रंगवलेला जिनासुद्धा तोच.

"आमचे आजोबा," बाई म्हणाल्या. "यांनी या तलवारीनं किल्ला राखला."

"आमच्यांनी घेतला," मी म्हणालो.

 आत्या खुदुखुदु हसायला लागली.

"अरे, जत्रेत फोटोवाला यायचा. फेटा, कोट, तलवार सगळं त्याचंच. आख्ख्या पट्टीतले म्हातारे त्या एकाच कोटात आहेत."

"तुला माहीत होतं?"

"आईनं सांगितलेलं."

"मग इतकी वर्षं बोलली का नाहीस?"

"तू रंगात आलेला असायचास. आणि तुझ्याशिवाय त्यांचं नाव तरी कोण काढायचं रे?"

 बाईंनी मग कपाटातून बिस्किटांचा डबा काढला. त्यांच्या आजोबांचा उमेळ्याचा एक भागीदार होता. दोघं मिळून सुकेळी, म्हणजे वाळवलेली केळी, विकायचे. नातं नेमकं कुठून ते बाईंनाही ठाऊक नव्हतं. बाप्तिस्म्याआधीच्या कुठल्या तरी पिढीत आम्ही एकाच बागेतले असणार.

डब्यात त्या भागीदारांचा फोटो होता, कोट परत केल्यावरचा असावा. उघडे पाय, मध्ये सुकेळ्यांची टोपली, फोटोच्या पाठीवर दोघांची नावं गावासकट लिहिलेली. बाईंचे आजोबा पोट धरून हसत होते. आमचे आजोबा किरकोळ, बिनमिशांचे, हात उंचावून त्यांना काहीतरी सांगत होते.

आत्याने चष्मा पुसला. फोटो घेऊन खिडकीशी गेली.  बाईंनी आणलेला चहा निवला.

"कान तुझेच," ती शेवटी म्हणाली. "आणि मारतोय तीही थापच."

बाई म्हणाल्या, "आत्या, घेऊन जा. कॉपी काढा आणि सावकाश परत द्या."

आत्याने फोटो पदराखाली घेतला.

"नेते," ती म्हणाली, "पण या पुसणाऱ्याला माझ्याजवळ बसवू नका. रिक्षात पुढं बसू दे."