ढालवाला म्हातारा
हळद शिजायचा वास आला की मला बायकोचा तो मोबाइलमधला खेळ आठवतो. त्या साली तिचा पाय मोडला होता, म्हणून ती अंगणात बाजेवर पडून राहायची आन मी एकटाच कढईखाली लाकडं सारत होतो. लेकीनं आईच्या फोनात लढाईचा खेळ टाकून दिला होता, राक्षसांचा आन जादूचा. पहिला भाग तिनं संपवला, दुसरा लई अवघड निघाला. कॅनॉलच्या पाण्यावानी पाळी असायची, आधी आपल्या माणसांनी सरकायचं, मग राक्षसांनी, आन मेलेला माणूस परत येत न्हाई. त्या दिवशी शेवटचा गड हाती आलाच होता, फक्त तिचा ढालवाला म्हातारा मागं राक्षसांत अडकला होता. धुरानं माझे डोळे चुरचुरत होते, पाठ भरून आली होती. मी म्हणलं, "मरू दे त्याला, गड घे आन झोप." ती म्हणली, "तुमी कढई बघा. सगळ्यांचा मार यानंच खाल्ला, आता काहून टाकू याला?" "खोटं माणूस हाय ते." "असू दे खोटं." आन तिनं जिंकत आलेली लढाई मोडून पुन्हा पहिल्यापासून मांडली. दिवस कलला तवा कुठं म्हाताऱ्याला घेऊन गडात शिरली, आन मला म्हणली, "आला बघा तुमचा जोडीदार." औंदा ती गेली. खेळातल्या म्हाताऱ्यासाठी अख्खी लढाई मोडणारी बाई मला मागं ठेवून गेली, आन मला रडू कमी, तिचा राग जास्त येतो. भांडायला तरी ती पाहिजे होती.