नव्या डोळ्याचे रनिंग

नव्या वस्तूवर माझ्या मावशीच्या यजमानांइतका संशय घेणारा माणूस सावित्रीच्या अख्ख्या खोऱ्यात दुसरा नसेल. कोणतीही नवी गोष्ट आधी अर्ध्या वेगाने, भरपूर तेल घालून आणि मधूनमधून थंड होऊ देत चालवली पाहिजे, असा त्यांचा सिद्धान्त आहे. या अवस्थेला ते 'रनिंग' म्हणतात. तरुणपणी पुण्यात ते शर्यतीच्या टू-स्ट्रोक मोटारसायकलींची इंजिने बांधत. नवा पिस्टन आणि सिलिंडर एकमेकांना घासून नीट बसेपर्यंत इंजिन ताणायचे नसते, हा त्या धंद्यातला साधा नियम. पोलादपूरला परतताना काकांनी तो सामानाबरोबर आणला आणि सगळ्या संसाराला लावला. नव्या चपला ते पहिला आठवडा फक्त पडवीत घालतात. मावशीच्या नव्या मिक्सरला सुरुवातीला केवळ ताक घुसळण्याची परवानगी होती. ओल्या खोबऱ्यापर्यंत त्याची मजल गेली ती बऱ्याच उशिरा, आणि सुकी मिरची तर त्याने निवृत्त होईपर्यंत पाहिली नाही. थोरल्या मुलीच्या लग्नानंतर जावईबापू पहिल्यांदा जेवायला आले, तेव्हा मावशीने कोंबडी-वड्यांचा आग्रह सुरू करताच काकांनी तिचा हात धरला. "जावई रनिंगमध्ये हाय," ते म्हणाले, "एवढा लोड देऊ नको." जावई उपाशी उठले नाहीत, पण परातीतल्या वड्यांकडे पाहत उठले.

मी अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला असताना हा सिद्धान्त माझ्या उपयोगी पडू लागला. आमच्या संघाची एक शर्यतीची कार्ट होती: छप्पर नसलेली, जमिनीला पोट घासत धावणारी छोटी चारचाकी. ती चालवायची मी, आणि तिचे टू-स्ट्रोक इंजिन सांभाळायचेही मीच. काही शर्यती झाल्या की अशा इंजिनाचा वरचा भाग खोलून पिस्टन आणि रिंग बदलावी लागते. महाडच्या आमच्या घरून मी ते इंजिन स्कूटरवर पायांशी ठेवून पोलादपूरला नेत असे. आमची कामाची वाटणी पक्की होती. मोजमाप माझे, मायक्रोमीटरला काका हात लावत नसत. पिस्टनच्या माथ्यावरच्या काजळीचा रंग पाहून पेट्रोलमध्ये तेल किती हवे होते हे सांगण्याचा अधिकार त्यांचा. त्यांचा अंदाज पुष्कळदा बरोबर येई, आणि चुकला तरी आवाज तेवढाच मोठा असे.

एक काम मात्र ते कोणालाच देत नसत. पिस्टन ज्या पिनेने खालच्या दांड्याला जोडलेला असतो, ती सरकू नये म्हणून दोन्ही बाजूंच्या खाचांत नखाएवढ्या तारेच्या क्लिपा बसवतात. गॅरेजच्या भाषेत त्यांना 'लॉक' म्हणतात. त्यांतले एक जरी भर वेगात निसटले, तर पिन सिलिंडर फाडते आणि गाडीची मागची चाके जाम होतात. ही लॉक काका स्वतः बसवत. "लॉक लावील त्याचं इंजिन," ते म्हणत. "काय झालं तर लोकांनी माझं नाव घेतलं पायजे."

त्या वर्षी होळीनंतर माझ्या लक्षात काही गोष्टी आल्या. उन्हाला पाठ देऊन काम करणारे काका उन्हाकडे तोंड करून बसू लागले होते. वर्तमानपत्र ते मावशीकडून वाचून घेत, कारण म्हणे छपाईचा दर्जा घसरला होता. एकदा त्यांनी अंगणातल्या कोंबडीला मांजर म्हणून हाकलले. मावशीकडून कळले की महाडच्या डॉक्टरांनी मोतीबिंदू सांगितला आहे आणि काका ऑपरेशनला तयार नाहीत. कंपनीचा मूळ पार्ट चालतोय तोवर बदलायचा नसतो, हे त्यांचे उत्तर.

रविवारी शर्यत होती. आत काही पडू नये म्हणून इंजिनाच्या उघड्या तोंडात मावशीच्या जुन्या लुगड्याचा बोळा कोंबून काका लॉक बसवायला बसले. पहिले लॉक नोज प्लायरमधून उडाले ते थेट अंगणात वाळत घातलेल्या पोह्याच्या पापडांत. मावशीने एकेक पापड उचलून झटकला. लॉक मिळाले नाही. "यंदाचे पापड पाव्हण्यांना नायत गो," ती मला म्हणाली. "कोणाच्यातरी दातात यांचं इंजिन सापडायचं."

दुसरे लॉक त्यांनी बसवले आणि "बसलं," असे जाहीर केले. मी सुईचे टोक खाचेवरून फिरवले.

"काका, एका बाजूने वर आहे."

"बसलं हाय."

"नाही, काका."

त्यांनी हात फडक्याला पुसले. महाडला नेऊन ते लॉक मी स्वतः बसवू शकत होते. त्यात अवघड काही नव्हते. पण मग ते इंजिन त्यांचे राहिले नसते. आणि ते तसेच लावून शर्यतीत उतरणे म्हणजे शुद्ध वेडेपणा. मी इंजिन तिथेच ठेवले, शर्यत सोडली, आणि संघातल्या मुलांनी त्यावर जे ऐकवले ते मुकाट ऐकून घेतले.

काही दिवस ते इंजिन पडवीत तसेच राहिले, बोळ्यासकट. येताजाता काका त्यावरचे फडके सारखे करत. मग एका सकाळी ते मावशीला म्हणाले, "डॉक्टरला फोन लाव. उघडं इंजिन दारात ठेवून मला जेवण जात नाय."

ऑपरेशन उत्तम झाले. आणि अर्थातच, नवा डोळा रनिंगमध्ये गेला. डोळ्यात घालायचे थेंब त्यांना ताबडतोब पटले. ते ऑइलच होते. सुरुवातीला त्या डोळ्याने फक्त मोठ्या वस्तू पाहायच्या, असे त्यांनी ठरवले: समोरचा डोंगर, एसटी आणि मावशी. "म्हणजे मी डोंगराच्या रांगेत?" असे मावशीने विचारताच काकांनी तो डोळा डोंगराकडे वळवला. पुढे वर्तमानपत्रातल्या मथळ्यांना परवानगी मिळाली. मथळ्याखालची बातमी नंतरच्या आठवड्यात. त्यामुळे काही दिवस देशात काय घडले एवढेच त्यांना माहीत असे, कसे घडले ते नाही.

पुढच्या शर्यतीआधी मी पुन्हा पोलादपूरला गेले. काकांनी नव्या गास्केटच्या पाकिटावरचा मुंगीएवढा नंबर हात लांब धरून खणखणीत वाचला. मी रिंग चढवत होते, तर खुर्चीत बसल्या जागेवरून म्हणाले, "केस चिकटलाय, काढ." खरोखरच होता. पिस्टन बसला, पिन सरकली. काकांनी नवे लॉक उचलले, उजेडात धरले, खाचेकडे पाहिले आणि पुन्हा लॉककडे. मग ते माझ्या तळहातावर ठेवले.

"तू लाव."

"आता तर तुम्हाला स्वच्छ दिसतंय, काका."

"डोळा रनिंगमध्ये हाय गो. एवढा लोड नको."

मी लॉक बसवले. काकांनी खाचेवरून एकदा अंगठ्याचे नख फिरवले, बोळा काढला आणि घडी करून मावशीकडे दिला. "कोणी इचारलं तर आता तुझं नाव सांगीन," ते म्हणाले, आणि चहा टाकायला सांगून हात धुवायला गेले.

या गोष्टीला आता बरेच दिवस झाले. त्या डोळ्याने काका हल्ली सुपातला खडा दारातून दाखवतात, आणि समोरच्या डोंगरावर कोणाची गुरे चरताहेत तेही सांगतात. माझे इंजिन त्यांच्या अंगणात उघडले, की तेवढा वेळ मात्र तो डोळा अजून रनिंगमध्ये असतो.