लांब ठेवलेली आई

माझ्या राजारामपुरीतल्या दवाखान्यात क्षयाचा रोगी निघाला की घरची माणसं तेच प्रश्न विचारतात. ताट-वाटी वेगळी करायची का? कपडे उकळायचे का? पोरांना लागंल का? उत्तरं मला तोंडपाठ आहेत. त्यातलं एक मी एकदा अर्धवट दिलं.

शिवाजी पेठेतली एक तरुण सून सासूबरोबर आली होती. सुनेला तीन आठवड्यांचा खोकला, संध्याकाळी कणकण. थुंकीच्या तपासणीत क्षय निघाला. तिची सहा महिन्यांची मुलगी सासूच्या कडेवर होती. सासूने भांड्याकुंड्यांचं सगळं विचारून घेतलं. भांड्यांतून हा आजार पसरत नाही, खोकल्यातून पसरतो, असं मी सांगितलं. सुनेने एवढंच विचारलं, "म्याडम, हिला अंगावर पाजू का?"

"पाज की. तोंडाला मास्क लाव. थोडे दिवस मात्र जपून, एरवी फार जवळ घेऊ नको."

बाळालाही लागण होऊ नये म्हणून औषध लिहून दिलं. बाहेर गर्दी होती. थोडे दिवस म्हणजे किती, ते तिने विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही.

पुढे मुलगी नऊ महिन्यांची झाली, तेव्हा लस टोचायला तिचा बाप आणि आजी घेऊन आले. आई कुठे आहे म्हटलं तर बाप म्हणाला, "माहेरी हाय, गगनबावड्याकडं. तुम्हीच म्हणालासा न्हवं, लांब ठेवा म्हणून?"

मी चरकले. "अहो, औषधानं पहिल्या काही आठवड्यांतच धोका कमी होतो. थुंकी तपासून घ्या आणि आणा तिला घरी."

तो आईकडे बघत राहिला. ती नातीला घेऊन दाराकडे वळली.

मी त्याच्याकडून नंबर घेतला आणि सुनेला फोन लावला. पावसाने आवाज तुटत होता. गोळ्या ती न चुकता घेत होती. तिकडच्या सरकारी दवाखान्यात थुंकी तपासली होती, जंतू सापडले नव्हते. "मग ये की परत," मी म्हटलं.

"न्यायला आल्याबिगर कशी येऊ?" मग तिने विचारलं, "तिला दात आलं काय, म्याडम?"

"दोन आलेत. खालचे."

"माझं दूध आटलं," ती म्हणाली.

नवऱ्याला मी आणखी दोनदा फोन केला. "आई ऐकंना की," एवढंच तो म्हणायचा. घरी जाऊन सासूला समजवावं असं मनात यायचं. गेले नाही. पेठ दवाखान्यापासून लांबही नव्हती.

सहा महिन्यांचा कोर्स संपला तेव्हा त्यांनी तिला आणलं. माझ्याकडून ती बरी झाल्याचं ऐकायला तिघं आले, मुलगी आजीच्या कडेवर. सुनेने हात पुढे केले. मुलीने तोंड फिरवलं, आजीच्या गळ्याला घट्ट मिठी मारली आणि रडायला लागली. हात तसेच राहिले.

सासूचे डोळे भरून आले. "म्याडम, माझी भन ह्याच आजारानं गेली. मागनं तिचं अंगावरचं पोर गेलं. मी काय वाईट मनानं केलं न्हाय."

मी पाण्याचा ग्लास पुढे केला.

आता ती मुलगी बालवाडीत जाते. परवा सर्दीसाठी सुनेबरोबर आली होती. आजीला ती आई म्हणते. घरात दीर सुनेला वहिनी म्हणतो, म्हणून तीही आईला वहिनीच म्हणते. मी ते ऐकून दचकले, तशी सुनेने मुलीचं नाक पुसलं आणि म्हणाली, "म्हणू दे, म्याडम. जेवायला माझ्या हातानंच जेवती."