दिगूचं शून्य आणि आमचा फिटर

चित्रकार आणि गिरणीतला फिटर एका खोलीत राहिले की किस्से गोळा करावे लागत नाहीत. ते आपोआप साचतात, खाटेखाली धूळ साचते तसे.

आमचा दिगू चाकं बघतो, पाइप बघतो, धुरांडी बघतो आणि त्यांची चित्रं काढतो. काढून झाल्यावर कशाचं काही ओळखू येत नाही! वर ते जपानी झेन ध्यानाचं खूळ. लालबागच्या घरात चित्रं मावेनात म्हणून रे रोडला लाकडाच्या वखारीमागे स्टुडिओ घेतलान.

*

एकदा भंगारातून गंजकं दातेरी चाक आणलंन. दसऱ्याला मी ह्यांच्या पान्यांबरोबर त्यालाही हळदकुंकू लावलं.

"आई, गंजाचा रंग घालवलास!" दिगू ओरडला. मग तसाच बघत बसला, आणि चित्रात लाल ठिपका टाकलान.

एक्झिबिशनमध्ये एक बाई म्हणाल्या, "त्या लाल ठिपक्यात केवढं मौन आहे!"

मी म्हटलं, "बाई, ते कुंकू आहे. वाण्याकडचं!"

*

सकाळी दिगू भिंतीकडे तोंड करून ध्यानाला बसतो. शेजारची शेवंता डोकावली. "काय गो, बायकोशी भांडला काय?"

"नाय गो, जपानी ध्यान."

"अगो बया! आमचे हे रिटायर झाल्यापासून असेच बसतात. आम्ही उगाच आळशी म्हणत होतो!"

*

आमच्या ह्यांनी मात्र दिगूच्या चित्रांकडे कधी धड बघितलं नाही. एकदाच विचारलं, "चाकाला दात किती?"

"बाबा, चाक नाही ते. शून्य आहे."

"मग फिरतं कशावर?"

आणि एक्झिबिशनला? एकदाही नाही! म्हणायचे, "गिरणी बंद पडली ती ह्या डोळ्यांनी बघितली. आता भिंतीला टांगलेली कशाला बघू?"

दिगू हसण्यावारी न्यायचा. पण प्रत्येक एक्झिबिशनला त्याची नजर दाराकडे. आईला दिसतंच ते.

*

यंदा एक्झिबिशनच्या शेवटच्या दिवशी हे इस्त्रीचा शर्ट घालून तयार! मला म्हणाले, "चल." एवढंच.

आम्हाला बघून दिगूच्या हातातला चहा हातातच राहिला. हे सरळ सगळ्यात मोठ्या चित्रापुढे गेले. राखाडी रंग, मध्ये जाड काळं वर्तुळ. खूप वेळ उभे राहिले.

मशीन बिघडलं की फिटर आधी कानाने ओळखतो. ह्यांनी मान तिरकी केली आणि चित्राला कान लावला.

सिक्युरिटीवाला धावला. "काका, काका!"

ह्यांनी नुसतं बोट वर केलं. अख्खी गॅलरी गप्प.

दिगूला राहवेना. "काय बाबा?"

"चालू आहे," हे म्हणाले.