गेममधल्या बाहुलीच्या जटा

मैत्रिणींनो, सकाळपासून जीव थाऱ्यावर नाही, म्हणून इथं लिहितेय.

माझी दुसरीतली लेक ओवी मोबाईलवर बाहुलीला नटवायचा गेम खेळते. आज त्यात हॅलोविनचे कपडे आले. तिनं बाहुलीला काळा झगा घातला, चेटकिणीच्या लांब जटा लावल्या, चेहऱ्यावर स्वतःचा फोटो चिकटवला आणि पळत आजीला दाखवायला गेली.

आमच्या आत्या, म्हणजे सासूबाई, म्हसवडकडच्या. त्यांनी मोबाईललाच हात जोडले. "देवीनं खूण दावली गं. आता पोरीच्या केसाला कात्री लावू नगंस."

"आवं आत्या, खेळ हाय त्यो!" मी ओरडलेच.

नव्वदच्या दशकात, मी शाळेत असताना, माझ्या थोरल्या बहिणीला जट आली. तेव्हाही घरात सगळ्यांनी असेच हात जोडले होते. ती जट कुणी कापू दिली नाही, आणि तिचं लग्नही झालं नाही. जटेच्या ओझ्यानं तिची मान अजून दुखते.

संध्याकाळी ओवीची वेणी सोडली, तर मानेपाशी केसांचा गुंता. तेल लावलं, विंचरलं, सुटेना. आता कात्री हातात घेऊन बसलेय.

माझा यातल्या कशावरच विश्वास नाही. मग ही कात्री अजून उघडली का नाही गं मी?